विहीणबाईंची साबणाच्या वडीएवढी करामत

…आणि नेमकी तेवढ्यात मला शिंक आली.

काल इथपर्यंत सांगून झालं आणि जेवायची हाक आली, त्यामुळे शिंक तशीच अधांतरी राहिली. जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. फार नाही, पुढं जायची तुमच्यापेक्षा मलाच जास्त घाई आहे.

ज्यांच्या टेबलापाशी मी शिंकलो त्या माझ्या विहीणबाई, म्हणजे धाकट्या लेकीच्या सासूबाई. वय एकसष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी. चष्मे दोन, एक नाकावर आणि एक डोक्यावर, आणि दिवसातून चार वेळा दोन्ही हरवतात. अख्खा बाजार त्यांना रेडिओबाई म्हणतो. पूर्वी दुकान व्याहीबुवांच्या नावावर होतं. ते पुढं बसायचे, गिऱ्हाइकाचा रेडिओ कानाला लावायचे, मोठ्या वैद्यासारखं "हं" म्हणायचे आणि पडद्यामागं घेऊन जायचे. पडद्यामागं विहीणबाई. दुरुस्ती सगळी त्यांची, "हं" तेवढं व्याहीबुवांचं. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "नेमकं झालं काय होतं हो याला?" व्याहीबुवा गंभीरपणे म्हणाले, "आतली तार थकली होती." पडद्यामागून खणखणीत आवाज आला, "तार नाही, कंडेन्सर!" गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं, "वा, लागला की रेडिओ!"

व्याहीबुवा गेले, तेव्हा तेराव्या दिवसाच्या आतच बाईंनी तो पडदा काढला, धुतला, घडी करून ठेवला आणि टेबल ओढून दुकानाच्या तोंडाशी आणलं. पहिले आठ दिवस लोक येऊन विचारायचे, "मेकॅनिक कुठं गेलेत?" त्या म्हणायच्या, "ते कधी नव्हतेच. तुम्ही बोला."

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा आम्ही नवराबायको ताठ बसलो होतो. मुलांनी लग्न आपापलं ठरवलेलं, आता मोठ्यांनी एकमेकांना पारखायचं. विहीणबाईंनी चहाचा कप हातात घेतला, मान कलती केली आणि म्हणाल्या, "तुमच्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतोय. स्क्रू ड्रायव्हर आहे?"

मी म्हटलं, "सुरी आहे."

"चालेल. स्टूल धरा."

पुढची सगळी बोलणी मी स्टूल धरून आणि त्या स्टुलावर उभ्या राहून झाली. माझी बायको म्हणाली, "माणसं बरी दिसतात." मी म्हटलं, "माणसं राहू दे, उजेड बघ!"

तर मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आठ दिवसांकरता आलो आणि चौथा महिना लागला तरी तिथंच होतो. डोळा केव्हाच बरा झाला होता. पण त्या दुकानात असं काही चाललं होतं की पाय निघेना.

माझी लेक नर्स आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या घरी जाऊन बाळं तपासते. बाळ पिवळं पडलं असेल तर त्याला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं, एक दिवस, दोन दिवस, सलग. आरोग्य कचेरीनं तिला तसा घरोघर न्यायचा एक दिवा दिला होता. नाहीतर बाळ मोठ्या दवाखान्यात, दीड तासाच्या रस्त्यावर, आणि आई इथं घरात टाके घेऊन पडलेली. दूध पाजायचं कुणी आणि कसं? म्हणून लेक त्या दिव्याला जिवापाड जपायची.

पण गाव एक आणि वीज तीन तऱ्हांची. बाजारपेठेत मोठा ट्रान्सफॉर्मर डोक्यावरच, तिथं दोनशे पासष्ट व्होल्ट. नव्या वस्तीत जेवढे हवेत तेवढे. आणि टेकडीखाली, खडी फोडायच्या यंत्रापाशी, जेमतेम एकशे तीस. बाजारपेठेत दिव्याचा अडॅप्टर दोनदा जळला. टेकडीखाली दिवा इतका मंद, की बाळाला वाटावं संध्याकाळच झाली. कचेरीनं उपाय म्हणून एक स्टॅबिलायझर दिला: आठ किलोंचं लोखंड! लेक म्हणायची, "बाबा, तीन बाळांएवढं वजन आहे हे. मी बाळं बघायला जाते का हमाली करायला?"

मग तिसरा अडॅप्टर जळला आणि कचेरीतले मोठे साहेब म्हणाले, "पुरे झालं. दिवे परत जमा करा. बाळं दवाखान्यात पाठवत जा."

लेक घरी येऊन ताटावर नुसती बसली. भाताचा घास घेईना. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, दिवा उलटा केला आणि बुडाची झाकणी उघडली. आत एक पोकळी होती, अगदी अंगाला लावायच्या साबणाच्या वडीएवढी.

"सूनबाई, साहेबांना सांग, महिनाभर थांबा. नव्वदपासून दोनशे सत्तरपर्यंत काहीही येऊ दे, दिवा एकसारखा जळेल. आणि जे काय करायचं ते मी या एवढ्या जागेत करीन. बाहेर फक्त वायर आणि पिन."

"एवढ्याशा जागेत, आई?"

"तुझा नवरा याहून लहान जागेत नऊ महिने होता."

जावईबापूंना ठसका लागला. लेक हसली आणि जेवली.

आता ही करामत कशी, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. माझं शिक्षण चौथी. एका खोलीत चार इयत्ता आणि एक मास्तर. पण विहीणबाईंनी मला पाण्यावरून समजावलं. भिंतीतली वीज म्हणजे नळ. कधी धो धो, कधी करंगळीएवढी धार. आधी ती एका टाकीत घ्यायची. टाकी म्हणजे कंडेन्सर, बुटकी गोल नळकांडी. टाकीच्या तोंडाशी एक झडप, आणि झडपेवर बसलेला एक चिमुकला आयसी, तो झडपेवाला. तो झडप उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो, एका सेकंदात साठ हजार वेळा! मी विचारलं, "थकत नाही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलताना थकता का?"

वीज जोरात आली की झडप थोडा वेळ उघडायची, मंद आली की जास्त वेळ. पलीकडे दिव्याला मिळायचं तेवढंच मिळतं. एवढ्या भराभर उघडझाप केली की ट्रान्सफॉर्मरही सुपारीएवढा पुरतो. आठ किलोंचं लोखंड लागत नाही. आणि सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे दिव्याच्या बाजूला किती पोचलं हे झडपेवाल्याला कळवायचं कसं? तार जोडायची नाही, कारण तार जोडली तर भिंतीतली वीज बाळापर्यंत पोचायची वाट उघडी झाली. म्हणून मध्ये एक काळी डबी, आत एका बाजूला इवलासा दिवा, दुसऱ्या बाजूला त्याला बघणारा डोळा. दिवा कमीजास्त होतो, डोळा बघतो, झडपेवाल्याला निरोप मिळतो. वायर नाही, शिवाशिव नाही, नुसत्या उजेडावर निरोप! मी हे ऐकलं आणि दुकानात उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या.

"व्याही, एक हात खिशात!" विहीणबाई ओरडल्या.

हा त्यांच्या दुकानाचा कायदा. चालू विजेपाशी उभं राहायचं तर एक हात खिशात, म्हणजे चुकून दोन्ही हात लागून छातीतून धक्का जाणार नाही. माझ्या सदऱ्याला खिसा नव्हता, तर त्यांनी स्वतः शिवून दिला. जावई म्हणाला, "आई, याचा दुसरा फायदा असा की बाबांच्या गोष्टी निम्म्या झाल्या. एका हातानं त्यांना सांगताच येत नाही."

तीन आठवड्यांत सर्किट तयार झालं. टेबलावर एक गोल यंत्र होतं, वर काळी मूठ. मूठ फिरवली की हवे तेवढे व्होल्ट. विहीणबाईंनी ती मूठ इतक्या मायेनं फिरवली, जसा निजलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा. नव्वद, दिवा लख्ख. एकशे तीस, लख्ख. दोनशे सत्तर, लख्ख. मी मध्ये मध्ये "वा!" म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "वा म्हणायला अजून वेळ आहे." पण खुशीत होत्या. नाकावरचा चष्मा डोक्यावर गेला आणि डोक्यावरचा नाकावर आला.

पहिली परीक्षा टेकडीखालच्या एका घरात. साहेब स्वतः आले. त्या घरातलं बाळ अजून जन्माला यायचं होतं, नुसता दिवा लावला होता. एकशे तीस व्होल्टवर दिवा असा निळाशार जळत होता की साहेबसुद्धा "अरे" म्हणाले. तेवढ्यात पलीकडं खडीचं यंत्र सुरू झालं. धडाड्! आणि दिवा गेला. पुन्हा लागला. पुन्हा गेला. कुणी डोळे मिचकावावेत तसा तो साहेबांकडे बघून मिचकावू लागला.

साहेब म्हणाले, "हा चेष्टा करतोय का माझी?"

लेकीचं तोंड एवढंसं झालं. तिनं हात जोडून आठ दिवस मागून घेतले. "आठच," साहेब म्हणाले. "त्यानंतर सगळे दिवे कचेरीच्या कपाटात."

पुढचे पाच दिवस दुकानात सुतकी शांतता. टेबलावर दिवा काही केल्या मिचकावेना! शंभर व्होल्ट, लख्ख. नव्वद, लख्ख. ऐंशीलासुद्धा तग धरून. विहीणबाई मूठ हळूहळू खाली न्यायच्या, हळूहळू वर आणायच्या, आणि दिवा शहाण्या मुलासारखा जळत राहायचा. "घरी गुणी आणि बाहेर उनाड," त्या पुटपुटायच्या. "कुणावर गेलंय कोण जाणे."

सहाव्या दिवशी त्यांना जाडं भिंग हवं होतं. "व्याही, जरा मूठ धरा. दोनशेवर आहे. हळू खाली घ्या. हळू म्हणजे हळू."

मी उजवा हात मुठीवर ठेवला, डावा खिशात घातला. सोल्डरचा धूर थेट नाकात. आणि आली शिंक.

ती साधीसुधी शिंक नव्हे, आमच्या घराण्याची. माझे वडील शिंकले की दोन घरं पलीकडचं मांजर माळ्यावर चढायचं. मी शिंकलो, हात गर्रकन फिरला, काटा दोनशेवरून धाडकन शंभरावर आला, आणि दिवा विझला. लागला. विझला.

"अहो, काय केलंत!" विहीणबाई भिंग टाकून धावल्या. "चाळीस वर्षांत या मुठीला कुणी असं वागवलं नाही! जुना रेडिओ असता तर धूर निघाला असता! तुम्हाला मूठ दिली का रहाटाचा दांडा…"

आणि तिथंच थांबल्या. तोंड उघडं. दिव्याकडे बघताहेत, मग माझ्या नाकाकडे.

"व्याही, पुन्हा शिंका."

"अहो, अशी मागून शिंक येते का?"

"आणा!"

त्यांनी कागदाची सुरळी केली आणि माझ्या नाकात घातली, देवाशप्पथ! मी शिंकलो. दिवा विझला. तपकीर आणवली. पुन्हा शिंकलो, पुन्हा विझला. चौथ्या शिंकेला आम्ही दोघं एवढे हसत होतो की शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊन बघायला आला. विहीणबाई डोळे पुसत त्याला म्हणाल्या, "बघतोस काय, चूक सापडली!"

चूक अशी की चाळीस वर्षं त्यांनी जुने रेडिओ दुरुस्त केले, आणि जुना रेडिओ हळूहळूच जागा करायचा असतो; एकदम वीज दिली तर आतले जुने भाग दगावतात. त्यामुळे हातालाच सवय लागली होती. हात जोरात फिरणारच नाही! सर्किटानं कमी वीज बघितली होती, जास्त बघितली होती, पण झटका कधी बघितलाच नव्हता. खडीचं यंत्र सुरू होताना थोडंच "येऊ का" विचारतं? वीज एकदम कोसळते. झडपेवाल्याला ते कळून झडप मोठी करेपर्यंत डोळ्याची पापणी लवते, आणि तेवढ्यात टाकी रिकामी. टाकी रिकामी म्हणजे झडपेवाल्यालाही घेरी. पडतो, उठतो, पुन्हा पडतो.

"मग टाकी मोठी घ्या," मी म्हटलं. चौथी पास माणूस याहून काय सांगणार?

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मोठा कंडेन्सर आणून सर्किटच्या पट्टीवर उभा केला. झाकणी लागेना. आडवा केला. झाकणी लागेना. बोटाच्या पेरानं मोजलं: फक्त दोन पट्ट्यांच्या जाडीएवढा वर. दुसऱ्या बाजूला सरकवला, तर ट्रान्सफॉर्मर म्हणतो मी कुठं जाऊ? साबणाच्या वडीत सगळे दाटीवाटीनं बसलेले, आणि हा जाडा पाहुणा दारात. साहेबांच्या आठ दिवसांतले दोन उरले होते.

लेक दारात उभी होती. म्हणाली, "आई, झाकणी थोडी उघडी राहिली तर?"

"बाळाच्या उशाशी उघडी वीज? नाही."

आणि मग त्यांनी जे केलं ते बघून माझं काळीजच हललं. कोरीव कामाची बारीक करवत घेतली आणि नवीन कोरी सर्किटची पट्टी मधोमध कापायला लागल्या! मी ओरडलो, "अहो, बरी असलेली पट्टी!" त्या म्हणाल्या, "हात खिशात." पट्टीला एक लांबट खिडकी पाडली. तांब्याच्या रेघा आधीच खिडकीच्या कडेकडेनं वळवलेल्या. बाकीचे भाग या नव्या पट्टीवर बसवले आणि कंडेन्सर त्या खिडकीत आडवा निजवला, अर्धा पट्टीच्या वर, अर्धा खाली. झाकणी ठेवली. टक्! बसली. मग मूठ माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "शिंकेची गरज नाही. मनात येईल तसं फिरवा."

आयुष्यात इतकी मजा मला कधीच आली नाही. मी ती मूठ गरागरा फिरवली, झटके दिले, वर, खाली, दोनशे सत्तर, नव्वद, पुन्हा वर. दिवा ढिम्म. विहीणबाई डोळे मिटून बसल्या होत्या. "फिरवा," म्हणाल्या, "मला बघवत नाही, पण फिरवा."

आठवा दिवस. टेकडीखालचं तेच घर; लेक, विहीणबाई, मी आणि साहेब. पण या खेपेला खरं बाळ होतं, चार दिवसांचं, हळदीसारखं पिवळं, डोळ्यांवर कापडाची पट्टी. त्याची आई भिंतीला टेकून बसलेली. तिनं लेकीला एवढंच विचारलं, "ताई, याला न्यावं लागणार का?" लेकीनं बाळाच्या डोळ्यांवरची पट्टी नीट केली. दिवा लावला. निळा उजेड पडला. आता खडीचं यंत्र सुरू व्हायची वाट बघायची.

आणि यंत्र सुरूच होईना! दहा मिनिटं, वीस मिनिटं. एरवी दिवसभर कान किटवणारं यंत्र त्या दिवशी मुकाट. साहेबांनी घड्याळ बघितलं. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय. यंत्राशिवाय ही परीक्षा मी मान्य करणार नाही."

मी तसाच उठलो. चपला विसरलो. खडीच्या ढिगाऱ्यांतून पळत पळत यंत्रापाशी गेलो. सगळे जण चहा पीत बसलेले. मुकादमाला म्हटलं, "बाबा रे, यंत्र चालू कर!"

तो कपातून वर बघत म्हणाला, "आजोबा, अकरा वर्षं लोक येतात ते बंद करा म्हणून भांडायला. चालू करा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"बाळाचा प्रश्न आहे!"

"बाळ याच्या आवाजानं झोपतं का?"

धाप टाकत मी त्याला सगळं सांगितलं. टाकी, झडप, शिंक, सगळं. शिंकेला त्यांच्यातला एक जण चहासकट उलथला. मुकादम उठला. "जा तुम्ही. घरात पोचलात की हात दाखवा. असा दणका देतो की बास!"

मी पळत परत आलो, दारातून हात दाखवला. धडाड्! घरातला बल्ब आक्रसून लाल तारेएवढा झाला. पंखा कण्हत कण्हत थांबला. आणि निळा दिवा जसाच्या तसा, त्याच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही! मुकादमाच्या अंगात संचारलं होतं; त्यानं यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. भिंतीवरचं पत्र्याचं झाकण खाली पडलं. दिवा ढिम्म. बाळानं मोठी जांभई दिली. लेक रडत होती का हसत होती मला कळलं नाही. मी स्वतः दोन्ही करत होतो.

साहेब वाकले. दिव्याच्या बुडाकडे बघितलं, वायर बघितली, दुसरा डबा कुठं लपवलाय का म्हणून खाटेखालीही बघितलं. मग बाळाच्या अंगावर ओणवे होऊन त्यांनी विचारलं, "बाई, दिवे राहू देतो मी. पण पुढं कधी हा बिघडणार नाही, याची खात्री कोण देणार?"

विहीणबाईंनी नाकावरचा चष्मा काढला, डोक्यावरचा लावला, आणि म्हणाल्या:

"बिघडेल की! एकसष्टाव्या वर्षी मी बिघडते, तर तो का नाही बिघडणार? बिघडला तर दुकानात आणून द्या, मी दाराशीच बसलेली असते. आता तेवढे बाजूला व्हा साहेब, बाळावर तुमची सावली पडतेय."